गाडीची किल्ली आणि घरातील वडील माणूस

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र अवघे आठ ओळींचे, आणि त्यातील तीन ओळी त्रास दिल्याबद्दल क्षमा मागण्यातच खर्ची पडलेल्या. त्यांच्या पुतण्याच्या हातून रस्त्यावर अपघात घडला. पोलिसांनी घरी एक कागद आणून दिला. आणि त्या कागदावर 'भा. न्या. सं. २८१, १२५ (ब), मो. वा. का. १८४' असे आकडे आहेत. घरातील पुरुषमंडळी वकिलांकडे दोनदा जाऊन आली, पण "तुम्हांला त्यातले काय कळणार?" या उत्तराखेरीज बाईंच्या वाट्यास काही आले नाही. तेव्हा हे आकडे म्हणजे काय, आणि मुलाचे पुढे काय होते, हे या सदरात सांगावे अशी त्यांची विनंती आहे.

आम्ही वकील नव्हे. आमचा जन्म मुलांकडून रूपे घोकून घेण्यात गेला. तरी या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे. तो कोणत्या रीतीने, हे ओघाने पुढे येईलच. ते सांगताना मान ताठ राहणार नाही एवढे मात्र आताच कबूल करून ठेवतो.

प्रथम आकड्यांचा उलगडा करू. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिचे २८१ वे कलम म्हणजे पूर्वीचे २७९ वे. सार्वजनिक रस्त्यावर मनुष्याच्या जिवास धोका होईल, किंवा कोणास इजा होण्याचा संभव उत्पन्न होईल, अशा अविचाराने वा हयगयीने वाहन हाकणे हा त्यातील अपराध. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम मूळ १८६० सालचे. १ जानेवारी १८६२ रोजी ते अमलात आले. त्या काळी या देशात मोटारीचे नावही कोणी ऐकले नव्हते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते ते टांगे, बग्ग्या आणि घोडेस्वार. म्हणूनच त्यात 'वाहन हाकणे किंवा स्वार होणे' असे शब्द आहेत, आणि ते नव्या संहितेतही तसेच राहिले आहेत. बैलगाडीवाला किंवा सायकलस्वारही या कलमाच्या कक्षेबाहेर नाही.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. या कलमाखाली अपराध घडण्यास अपघात व्हावाच लागतो असे नाही. कोणास ओरखडाही उठला नाही, तरी गाडी चालविण्याची तऱ्हा अशी होती की एखाद्याचा जीव जाता, एवढे पुरे. "पण झाले तर काहीच नाही ना?" हा आपल्या घरोघरचा युक्तिवाद न्यायालयात चालत नाही.

अविचार आणि हयगय हे दोन शब्द कायद्याने वेगळे योजिले आहेत. १८८१ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने या दोहोंचा भेद सांगितला, तो आजवर उद्धृत होत आला आहे. धोका दिसत असूनही 'जाऊ निसटून' अशा भरवशावर जो पुढे घुसतो तो अविचारी; आणि शहाण्या माणसाने जी काळजी घ्यावयाची ती ज्याने घेतलीच नाही, तो हयगयी. वळणावर समोरून एसटी येताना दिसते आहे, तरी पुढच्या ट्रकला मागे टाकावयाचेच, हा अविचार. मागे न पाहता गाडी उलटी घेणे ही हयगय. संस्कृतात या दोन्ही दोषांस आपण 'प्रमाद' म्हणून मोकळे होतो. आणि त्या शब्दाचा धातू 'मद्' आहे हे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस आठवत असेल. मद आणि प्रमाद यांचे नाते व्याकरणात जितके जवळचे, तितकेच ते रस्त्यावरही आहे.

आता १२५ वे कलम. अशा अविचाराने वा हयगयीने कोणास साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. जबर दुखापत म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात आहे आणि तीत हाड मोडणे स्पष्टपणे सांगितले आहे. मग ते हाड मांडीचे असो की करंगळीचे. बाईंच्या पुतण्याच्या कागदावर '(ब)' हे अक्षर आहे, त्यावरून समोरच्या माणसाचे हाड मोडले असावे असा आमचा तर्क आहे. मृत्यू घडला असता तर १०६ वे कलम लागले असते. पूर्वी ते ३०४-अ होते. १८७० साली दंडविधानात घातलेल्या त्या कलमाची कमाल शिक्षा दोन वर्षे होती, ती आता पाच वर्षे झाली आहे. याच १०६ व्या कलमात आणखी एक पोटकलम लिहिले होते: मृत्यूस कारण होऊन, पोलिसांस वा दंडाधिकाऱ्यास न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूस ठेवण्यात आले. म्हणून पळून जाण्यास मुभा आहे असे मात्र कोणी समजू नये. मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम चालकावर कर्तव्यच घालते: जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, आणि लवकरात लवकर, निदान चोवीस तासांच्या आत, पोलिसांस वर्दी द्यावी. जमाव खवळला असेल तर मदतीसाठी थांबण्याची सक्ती नाही. पण मग पोलीस ठाणे गाठावयाचे, घर नव्हे.

राहिले १८४ वे कलम. हे मोटार वाहन कायद्यातले, म्हणजे १९८८ च्या. २०१९ साली ते बरेच कडक झाले. लाल दिवा न जुमानणे, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे, गाडी चालविताना हातात फोन धरणे, नियम मोडून दुसऱ्यास मागे टाकणे, या सर्वांस त्यात नाव घेऊन 'धोकादायक' म्हटले आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजारापासून पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. याखेरीज न्यायालय परवानाही काही काळापुरता काढून घेऊ शकते, आणि ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला ही शिक्षा कैदेहून जड वाटते.

एवढे वाचून बाई घाबरून जातील. म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलिसांनी कागदावर आकडे लिहिले म्हणजे अपराध सिद्ध झाला असे नाही. १९९८ साली कर्नाटकातील एका ट्रकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, गाडी 'भरधाव' होती एवढ्यावरून अविचार वा हयगय ठरत नाही; कारण भरधाव हा शब्द सापेक्ष आहे, आणि साक्षीदारांनी त्याचा अर्थ काय केला हे त्या खटल्यात कोणी विचारलेच नव्हते. चालक सुटला. तेव्हा पुतण्याने पहिल्याच तारखेस घाबरून 'गुन्हा कबूल' म्हणू नये. आरोप काय आहे, पंचनाम्यात चाकांच्या खुणा कोठे दाखविल्या आहेत, साक्षीदार काय पाहिले म्हणतात, हे वकिलांकडून समजून घ्यावे, आणि मग जे खरे असेल ते बोलावे. या गुन्ह्यांत बहुधा जामीन हक्काने मिळतो. पण "समोरच्याला चार पैसे देऊन मिटवून टाकू" असे कोणी सुचविल्यास ध्यानात ठेवावे की, २८१ वे कलम आपसात मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. पैसे दिल्याने फार तर दुखापतीचा भाग, आणि तोही न्यायालयाच्या परवानगीने, मिटेल.

उलट काही प्रसंगी न्यायालय हयगयीच्या पलीकडेही जाते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत बांद्र्याच्या कार्टर रस्त्यावर एक मोटार पदपथावर चढली. तेथे रस्त्याच्या कामावरील मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक प्यालेला होता. खालच्या न्यायालयाने यास हयगय ठरवून सहा महिन्यांची साधी कैद व दंड दिला. मुंबईत त्यावर मोठा क्षोभ झाला, आणि उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून शिक्षा तीन वर्षांची केली. २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मद्य पिऊन, ज्या रस्त्यावर माणसे झोपतात हे ठाऊक आहे त्या रस्त्यावर अशी गाडी हाकणाऱ्यास, आपल्या कृत्याने कोणी मरेल याची जाणीव होती असे धरावे लागते, हा त्या निर्णयाचा गाभा. आजच्या संहितेत हा अपराध १०५ व्या कलमात आहे आणि अशा जाणिवेने केलेल्या वधास दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

येथवर चालकाचे झाले. पण बाईंनी न विचारलेला एक प्रश्न आहे, आणि आमच्या मते एकत्र कुटुंबात तोच पहिला विचारावयास हवा: गाडी कोणाची, आणि किल्ली कोणी दिली?

हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात यानांच्या अपघातांचे एक लहानसे प्रकरण आहे. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज कोणी विचारी मनुष्य स्वीकारणार नाही, आणि स्वीकारूही नये. पण हे प्रकरण कुतूहलाने वाचण्याजोगे आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, 'बाजूला व्हा' म्हणून ओरडूनही माणूस सरकला नाही, असे दहा प्रसंग सांगून त्यांत दंड नाही म्हटले आहे. त्यापुढे गाडी हाकणाऱ्याचा, म्हणजे प्राजकाचा, विचार आहे. प्राजक कुशल असून चुकला तर दंड त्याला. पण तो अकुशल असून गाडी भलतीकडे वळली व हिंसा झाली, तर दंड गाडीच्या धन्याला, दोनशे पण. आम्ही हा भाग तरुणपणी पाठशाळेत वाचला होता. गाडीचा धनी म्हणून तो एक दिवस आपल्यालाच लागू पडेल हे तेव्हा स्वप्नातही नव्हते.

२०२४ च्या मे महिन्यात, १९ तारखेच्या पहाटे, पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या हातातील भारी मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने घातलेल्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा ही एक होती, हे वाचकांस आठवत असेल. निबंध हे आमच्या धंद्यातले हत्यार. ते या कामी आलेले पाहून आम्हांस हसावे की रडावे कळेना. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांस अटक झाली. आणि घरच्या चालकास डांबून ठेवून 'गाडी मी चालवीत होतो' असे त्याच्याकडून म्हणविण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून मुलाच्या वडिलांस व आजोबांसही अटक झाली. आरोपांचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. पण त्या दिवसांत आम्ही रोज सायंकाळी ओसरीवर बसून, वर्तमानपत्र मांडीवर पसरून, अशा घरांतील वडीलधाऱ्यांस यथेच्छ नावे ठेवीत होतो. "आजोबांनी म्हणे! या वयात!" असे आमचेच शब्द होते.

त्यानंतर सात महिन्यांनी, डिसेंबरात, आमचा नातू आमची स्कूटर घेऊन शिकवणीस निघाला. त्याचे वय तेव्हा सोळा वर्षे सात महिने. स्कूटर आमच्या नावावर. निवृत्त झालो त्या वर्षी घेतलेली. किल्ली देवघराच्या दाराशी खुंटीवर असे. तो ती घेतो हे आम्हांस ठाऊक होते. दूध आणावयास, दळण टाकावयास तो ती नेई, आणि खरे सांगावयाचे तर आमचे हेलपाटे वाचत म्हणून आम्हांस ते बरेच वाटे. कायद्याने सोळा वर्षांच्या मुलास फक्त पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी, तीही परवाना काढून, चालविता येते, हे आम्हांस ठाऊक नव्हते असेही नाही. 'गल्लीतल्या गल्लीत' हा शब्द आमच्या सोयीसाठी आम्ही तयार करून ठेवला होता, आणि ती गल्ली वर्षभरात बरीच लांब झाली होती.

शिकवणीस उशीर झाला म्हणून तो मंडईच्या कोपऱ्यावर एकेरी रस्त्यात उलट बाजूने शिरला. वळणावर पालेभाजी विकणारी एक म्हातारी डोक्यावरची पाटी उतरवीत होती. तिला धक्का लागून ती हातावर पडली. मनगटाचे हाड मोडले. एका अनोळखी महाविद्यालयीन मुलाने तिला रिक्षात घालून इस्पितळात नेले. (अशा मदत करणाऱ्यास त्याच्या इच्छेविरुद्ध साक्षीस ओढता येत नाही, की त्याच्यावर काही दायित्व येत नाही, असे १३४-अ कलम २०१९ पासून आहे. ते घरोघरी मुलांस सांगून ठेवावे.) आमचा नातू मात्र स्कूटर तेथेच टाकून घरी पळत आला आणि माजघरात भिंतीला टेकून उभा राहिला.

मग घरात जी बैठक झाली, ती आम्ही कधी विसरणार नाही. थोरल्या चिरंजिवांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, दार लावून घेतले. धाकटे चिरंजीव म्हणाले, "नाना, माझ्याजवळ परवाना आहे. गाडी मी चालवीत होतो असे सांगतो. काय दंड व्हायचा तो होईल. पोराचे बारावीचे वर्ष तोंडावर आले आहे." तो हे पुतण्याच्या प्रेमाने बोलला, आपल्या अंगावर घ्यावयास तो सिद्ध होता. सुनेने डोळे पुसले. कोणी नको म्हटले नाही. आणि आम्ही? मे महिन्यात ओसरीवर बसून न्याय देणारे आम्ही मान हलवून म्हणालो, "तसे केले तर फारसे बिघडणार नाही." निदान पाऊण तास आमचे तेच मत होते. धाकट्याने कोणता सदरा घातला असल्याचे सांगावे, इथपर्यंत आमची मसलत गेली.

आमची सौभाग्यवती इतका वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "अहो, ती म्हातारी त्याला ओळखते. दर बुधवारी तो माझ्याबरोबर तिच्याकडे भाजीला येतो. ती त्याला पोलिसांपुढे काय म्हणेल? की तिलाही गप्प बसवायचे?"

त्या शेवटच्या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हते. गुन्हेगारास वाचविण्यासाठी खोटी माहिती देणे किंवा पुरावा नाहीसा करणे हा स्वतंत्र अपराध आहे, संहितेचे कलम २३८. शपथेवर खोटी साक्ष दिल्यास तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. हे आम्हांस पुढे वकिलांनी सांगितले. त्या क्षणी आम्हांस कायदा आठवला नाही. म्हातारी आठवली, आणि लाज वाटली. आम्ही टोपी घातली, नातवास व त्याच्या वडिलांस बरोबर घेतले, आधी इस्पितळात गेलो आणि मग पोलीस ठाण्यात.

तेथे आम्ही म्हणालो, गाडी हा चालवीत होता, आणि गाडी आमची आहे. अंमलदार तरुण होते. त्यांनी दोनदा विचारले, "आजोबा, किल्ली तुम्हीच दिली होती का?" नाही म्हणावयास ती एक फट होती. आम्ही म्हणालो, "हातात दिली नाही, पण घेऊ नको असे कधी सांगितलेही नाही."

या उत्तराचा कायदेशीर अर्थ असा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालील अपराध केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. मुलाने गाडी मालकाच्या संमतीनेच नेली असे न्यायालय गृहीत धरते. मला ठाऊक नव्हते, किंवा तो नेऊ नये म्हणून मी सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. मुलाजवळ त्या गाडीचा परवाना असेल तर गोष्ट निराळी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि मुलास वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. कैद 'आणि' दंड असे शब्द आहेत, 'किंवा' नव्हे. व्याकरण शिकविणाऱ्यास या अव्ययांचे मोल निराळे सांगावयास नको.

नातवाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले. मंडळाने त्याची, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली, समज दिली, आणि काही दिवस समाजसेवेचे काम नेमून दिले. अल्पवयीनांच्या बाबतीत कायद्याचा रोख सुधारण्याकडे असतो, आणि आमच्या अनुभवाने तो योग्यच आहे. आमचा खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालला. आम्ही गुन्हा कबूल केला. पंचवीस हजार दंड झाला, आणि कैद झाली ती 'न्यायालय उठेपर्यंत'. म्हणजे त्या दिवसाचे कामकाज संपेपर्यंत आरोपीने तेथेच बसून राहावयाचे. ऐकावयास ही शिक्षा किरकोळ वाटते. आम्ही सकाळी साडेअकरापासून सायंकाळपर्यंत मागच्या बाकावर बसलो होतो. त्या वेळात आमचे तीन जुने विद्यार्थी तेथे येऊन गेले. दोघे वकील, एक लिपिक. एकाने काळ्या डगल्यानिशी वाकून पायांस हात लावला आणि विचारले, "सर, आपण इकडे कसे? कोणाच्या कामासाठी?" आम्ही म्हणालो, "आमच्याच." त्याला पुढे काही बोलणे सुचले नाही. त्याने पाण्याची बाटली आणून बाकावर ठेवली आणि तो निघून गेला.

फौजदारी बाजू अशी संपली. भरपाईची बाजू तिच्याहून वेगळी असते. जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. त्यात औषधपाणी, बुडालेली मिळकत, राहिलेले अधूपण यांचा हिशेब होतो. स्कूटरचा विमा होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण चालकाजवळ परवाना नसेल तर विमा कंपनीने जखमीस रक्कम देऊन मग ती मालकाकडून वसूल करावी असा हुकूम न्यायाधिकरण करू शकते, आणि आमच्या बाबतीत तसेच झाले. दावा तडजोडीने मिटला. म्हातारीस तिची रक्कम एकदम मिळाली. आम्ही ती कंपनीस पेन्शनीतून हप्त्याहप्त्याने फेडीत आहो. अजून चौदा हप्ते राहिले आहेत. दुसऱ्या सुनेने एकदा विचारले की, हा खर्च सामाईक धरावयाचा की मुलाच्या आईबापांचा? एकत्र कुटुंबात असे प्रश्न निघतातच. आम्ही तो आमचा धरला, कारण नोंदणीच्या पुस्तकात नाव आमचे आहे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचे सांगणे असे की, पुतण्याचे वय अठराच्या वर असून परवाना जवळ असेल, तर कागदावर जे आकडे आहेत तेवढ्यांचाच विचार करावा. पण गाडी कोणाच्या नावावर आहे, विमा चालू आहे की नाही, आणि पोलिसांस जे सांगितले ते खरे सांगितले की नाही, हे तीन प्रश्न आपण स्वतः घरातील पुरुषांस विचारावेत. त्यांतील तिसरा आधी. 'तुम्हांला त्यातले काय कळणार' असे उत्तर आल्यास, आमच्या घरी जिला कळले ती उंबऱ्यातच उभी होती, एवढे त्यांस आमच्या नावाने कळवावे.

नातू आता शिकवणीस पायी जातो; पंचविशीपर्यंत त्यास दुसरा उपाय नाही. बुधवारी तो आजीबरोबर मंडईत जातो. पहिले काही महिने म्हातारी त्याच्याशी बोलत नसे, आता "मास्तर बरे आहेत का?" एवढे विचारते. तिचे मनगट मात्र अजून पुरते वळत नाही. मेथीच्या जुड्या बांधावयास तिची सून बरोबर येते.